ताकदीची सुई

परम्याच्या, म्हणजे गुप्तरोगाच्या सुईला मी ताकदीची सुई म्हणून बसले, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा गाढवपणा. बाहत्तरचा दुष्काळ, येडशीजवळ रस्त्याचं काम चालू, अन् मी कामाशेजारच्या दवाखान्यात नवी नर्स. केस चापूनचोपून बांधलेले, अक्कल मात्र मोकळी सुटलेली.

खडी फोडणारी एक बाई दुसऱ्यांदा आली. लघवीला आग, अंगावरून पिवळं जाणं, ओटीपोटात कळ. पहिल्या सुईनं बरी झाली होती. नवरा मात्र, मला नुसती उन्हाळी लागलीय म्हणत धन्याचं पाणी पीत बसला, दवाखान्यात आलाच नाही. म्हणून दुखणं फिरून तिच्याकडं आलं. डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घेतल्याशिवाय हे जायचं नाही. तिला नवऱ्यापेक्षा जावेची धास्ती. तिच्या तोंडून कामावर कळलं तर नावं मलाच ठेवतील, म्हणाली.

सुई घेऊन कंबर चोळत ती बाहेर पडली, तर दारात जाऊच उभी. कशाची सुई, म्हणून तिनं मलाच विचारलं. मी गडबडून म्हणाले, ताकदीची.

दुसऱ्या दिवशी, दुष्काळात वाटायच्या सुकडीला लागावी तशी रांग दवाखान्यापुढं. सगळ्यांत पुढं जाऊ, पदर खोचून. डॉक्टर मिशीत हसले अन् आता तुम्हीच निस्तरा म्हणून आत गेले. मी रक्तवाढीच्या लाल गोळ्या वाटत, सुई तपासल्याशिवाय मिळत नाही, असं घसा बसेपर्यंत सांगत राहिले.

रांगेच्या शेवटी त्या खडीवाल्या बाईचा नवरा. बायकोला ताकद यावी अन् आपण मागं राहावं, हे त्याला सोसेना. त्याला आत घेतलं, दार लावलं अन् खरं ते सांगितलं. ही सुई परम्याची आहे, तुमची उन्हाळी म्हणजे तोच परमा, तुमच्याकडूनच तो घरात येतोय. दोघं बरे होईपर्यंत वेगळं निजा. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "लई दुखती का?"

डॉक्टरांनी तपासलं, औषध सोसतं का ते आधी हातावर टोचून बघितलं, अन् मग मी सुई दिली.

पुढं दोघंही ठणठणीत झाले. ती बाई एकदा वाट वाकडी करून आली, इकडंतिकडं बघितलं अन् म्हणाली, "बाई, सुई खरंच ताकदीची निघाली. मालक म्हणले, चूक माझी व्हती. पर माझ्या जावेला तेवढी देऊ नका, ती आधीच लई ताकदीची हाय."