डाव्या हाताची तलवार

मारधाडीच्या सिनेमाला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडते. म्हणे, सगळे सारखेच असतात. असतील. आरत्याही सगळ्या सारख्याच असतात, म्हणून कोणी टाळ्या वाजवायचं सोडत नाही. शिकलीसवरलेली माणसं नाक मुरडायला लागली की मी विचारते, तुम्ही तो कोणत्या बाजूने पाहिला होता? मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमचं गाव घाटाखालचं, वरवट बकालला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. मळ्यात मिरची, वांगी, कांदा. दिवाळी उलटली की वरवटला फिरत्या टॉकीजचा तंबू लागायचा. पडदा तंबूच्या मधोमध असायचा. यंत्र आणि पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. खेळाआधी पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र कापडातून आमच्या बाजूलाही उजळ उतरायचं. ते उलटं उतरतं हे आम्हाला माहीत नव्हतं. सुरुवातीची नावं इंग्रजीत यायची. ती उलटी आहेत की सुलटी, हे सांगू शकेल अशी एकही बाई आमच्यात नव्हती.

पण सिनेमा आम्हाला कळत नव्हता असं कोणी म्हणू नये. बायकांनी मारधाडीचे चार प्रकार पाडले होते. घोड्याच्या सिनेमात तोंड बांधलेला डाकू लूट गरिबांना वाटायचा आणि त्याचा घोडा त्याच्याहून हुशार असायचा. जंगलाच्या सिनेमात मगर यायची, देवळातला हिरा चोरीला जायचा आणि हत्ती अगदी वेळेवर पोचायचा. जादूचा म्हणजे दाढीवाला जादूगार आणि उडणारी सतरंजी. सगळ्यात वरचा तलवारीचा. त्यात लहानपणी हरवलेला राजपुत्र असायचा, दंडावर खूण असायची, सेनापती बेईमान असायचा आणि शेवटची लढाई किल्ल्याच्या पायऱ्यांवरच व्हायची. पायऱ्या दिसल्या की बायका पोरांना मांडीवर घट्ट धरून सावरून बसत.

मला तलवारीचा आवडायचा, कारण त्यात सगळे डावखुरे होते. राजपुत्र डाव्या हाताने लढायचा, सेनापतीही. बायकांनी त्याचा अर्थही लावला होता. देवाच्या सिनेमाला आम्हाला मान म्हणून पडद्यासमोर, यंत्राच्या बाजूला बसवत, आणि तिथे देव उजव्याच हाताने आशीर्वाद द्यायचे. म्हणजे उजवा हात जेवणाचा आणि नैवेद्याचा, मारामारीचं घाण काम डाव्याचं. तलवारीच्या सिनेमात जेवायला कोणाला फुरसतच नसते, त्यामुळे या हिशेबात कधी घोळ झाला नाही.

मी डावखुरी होते. निंदायला पात धरली की माझं खुरपं शेजारणीच्या खुरप्याला भिडायचं, आणि मग सगळ्या ओळीची बोलणी मला बसायची. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही गुरुजींची छडी डाव्या हातावरच. मार खाऊन तो हात सुधारला नाही, निबर मात्र झाला. मी आईला म्हणायची, "माय, राजपुत्रही डाव्यानंच लढते."

"तू काय लढाईवर जाऊन राह्यली?" आई म्हणायची.

मला पंधरावं लागलं तेव्हा एक स्थळ आलं. बघायला यायला आठ दिवस होते. आईने एक चिंधी फाडली आणि माझं डावं मनगट कमरेला बांधून टाकलं. आठ दिवसांत उजव्या हाताने वाढणं आणि नाव लिहिणं जमलं पाहिजे, असा हुकूम सुटला. "डाव्या हाताची सून कोन करन?" माझी माय वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. दोन दिवस मी जेवलेच नाही. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत येईना, आणि हट्टाने मी तो आणलाही नाही.

त्याच आठवड्यात तंबूत तलवारीचा सिनेमा लागला. तिसऱ्या दिवशी आई मला घेऊन गेली, बहुतेक पोरीने काहीतरी खावं म्हणून. अंधारात चिंधी कोणाला दिसणार नव्हती.

शेवटची लढाई पायऱ्यांवर आली. तलवारीच्या सिनेमाचा एक पक्का नियम असतो. ज्या हातात तलवार, त्याच हाताला जखम व्हायची. मग नायक तलवार उडवायचा, दुसऱ्या हातात झेलायचा आणि जिंकायचा. तसंच झालं. राजपुत्राच्या डाव्या दंडातून रक्त आलं, तलवार उजव्या हातात गेली आणि सेनापती पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

"पाह्य," आई मला कोपरखळी मारून म्हणाली. "शेवटी उजवाच कामी आला."

घरी आल्यावर मी धुसफुसत मोठ्या भावाला ते सांगितलं. तो पुरुषांच्या बाजूला बसला होता. तो पोट धरून हसला.

"अवं, तो उजव्यानंच लढते. तुमाले मागून उलटं दिसते. सारे उजवे हायेत."

तो राजपुत्र इतकी वर्षं माझा माणूस होता, आणि आता तोही बाकीच्यांतलाच निघाला. मी रात्रभर रडले. सकाळी मात्र डोक्यात एक गोष्ट आली आणि मी रडायचं थांबले. हे स्वतः पाहिल्याशिवाय मानायचं नाही, असं ठरवलं.

त्या संध्याकाळी शेजारणीबरोबर पुन्हा गेले. पायऱ्यांची लढाई सुरू झाली तशी उठले, तंबूच्या कडेने फिरले आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, "काऊन वं, वाट चुकली का?" मी म्हटलं, "नाही." त्या बाजूने राजपुत्र खरंच उजवा होता. मग जखम झाली, उजव्या हाताला. तलवार उडाली आणि त्याने ती डाव्या हातात झेलली. सेनापती पडला तो डाव्या हाताने. ज्या हाताला साऱ्या सिनेमाभर कोणी विचारलं नव्हतं, त्या हाताने.

मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "खोटं बोलून राह्यली."

"मग तू जाऊन पाह्य."

हे मी तोंड वर करून म्हटलं. बाईमाणूस पुरुषांच्या बाजूला जात नाही, आणि आई तर बाजारातही पदर डोळ्यांवर ओढून चालायची. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत तंबूत आली, आणि पायऱ्या दिसल्या तेव्हा उठली. पडद्याच्या कडेच्या फटीतून मला ती दिसत होती. पुरुषांमध्ये डेऱ्याच्या खांबाला धरून एकटी उभी होती. गावातली माणसं वळून वळून तिच्याकडे बघत होती आणि ती फक्त पडद्याकडे. सेनापती पडल्यावर ती परत येऊन माझ्याशेजारी बसली. सकाळी तिने चिंधी बांधली नाही, आणि मीही विचारलं नाही.

स्थळ आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि कर्ता चुलता. माझ्या वडिलांनी मला दारातच दटावलं, "उजव्या हातानं लिह्य." पोहे झाले, चहा झाला. चुलत्याने पाटी पुढे केली आणि नाव लिहायला सांगितलं.

आई दाराशी उभी होती. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्याची पर्वाही नव्हती. मी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"पोट्टी डावखोरी हाये," चुलता म्हणाला. "हे तुमी सांगतलं नाही. डाव्या हातचं आमच्या घरात कोनी खात नाही."

माझ्या वडिलांची मान खाली गेली. आई दारातून पुढे आली, चुलत्यासमोरची रिकामी बशी उचलली आणि त्यालाच दाखवली.

"कांदा तिनंच चिरला, फोडणीही तिनंच देल्ली. सारं डाव्या हातानं," ती म्हणाली. "तुमी दोनदा घेतले पोहे."