दोन टायरांमधली फट

गाडी शेडमध्ये आली की सुर्वेमामा ड्रायव्हरकडे बघतसुद्धा नसत. ते थेट गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसत आणि जोडचाकांच्या मधल्या फटीत, अगदी खाली, आपला उजवा हात सरकवत. आमच्या पिकप गाड्यांना मागे एकेका बाजूला दोन-दोन चाकं होती. ओझं भरलं की टायर जमिनीपाशी फुगतात. जोडीतले दोन टायर एकमेकांना घासू लागले, तर तापून फुटतात. हात मोकळा फिरला, तर मामा गुडघ्यावर भार देत उठून म्हणत, "जाऊ दे." नाही फिरला, तर उठतच नसत. बसल्या जागेवरूनच सांगत, "सामान उतरवा."

मी नाशिकहून सौदीतल्या रास अल खैरच्या कामावर वाहनांचा इंजिनियर म्हणून आलो, तेव्हा साठीला आलेले मामा टायरशेड सांभाळत होते. वसंत सुर्वे, गाव संगमेश्वरच्या बाजूला. आधी यान्बू, मग रास तनुरा, मग इथे, अशी सव्वीस वर्षं त्यांनी सौदीत काढली होती. कॅम्पातली मराठी माणसं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी मी उभ्याने सूचना द्यायला लागलो, तेव्हा त्यांनी एक जुनी रिम माझ्याकडे सरकवली. "बसून बोलू, साहेब. टायरसुद्धा नुसता उभा राहून खराब होतो."

ते कायम दमलेले दिसत. पण टायर निवडताना घाई करत नसत. आधी टायरच्या अंगावरचा बनवल्याचा आठवडा आणि साल वाचत, मग तो किती भार सोसतो ते बघत, नक्षी सगळ्यात शेवटी. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला टायर त्यांनी कधी घातला नाही. "जो उंच असेल, तो सगळं ओझं आपल्यावर घेतो," ते म्हणत. "दुसरा नुसता बरोबर फिरतो. घरातलंच आहे हे." ते घरात थोरले होते. तीन भावांची शिक्षणं आणि दोन बहिणींची लग्नं त्यांनी इथूनच केली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्या उन्हाळ्यात आमची वेल्डिंगची गाडी वाळूत सारखी रुतायची. मागे जनरेटर, वेल्डिंग मशीन, गॅसच्या टाक्या. प्रोजेक्ट मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, रुंद टायर घाला, काम थांबता कामा नये. रुंद टायर घातले की फट बुजते, म्हणून दोन चाकांमध्ये अंतर ठेवणारे स्पेसर, म्हणजे जाड धातूच्या चकत्या घालाव्या लागतात. मी जुबैलच्या बाजारातून टायर आणि चकत्या आणवल्या.

मामांनी एक चकती हातात घेतली, हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, ठेवली आणि बोटाने हलवली. ती खुळखुळली.

"हबवर बसत नाय ही," ते म्हणाले. "मधलं भोक मोठं आहे. सगळा भार बोल्टांवर येणार. बोल्ट ओझं उचलायला नसतो, साहेब, दाबून धरायला असतो."

"मग वाळूत काय करायचं?"

"आहेत तेच अरुंद टायर ठेवा, फक्त जास्त भार सोसणारे आणा. वाळू आली की हवा थोडी उतरवा. थोडीच, फटीत हात जाईल इतकी. डांबरावर आले की परत भरा. गाडीत छोटा कंप्रेसर टाका. वेळ जाईल, पण गाडी येईल परत."

ते बरोबर बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण योग्य टायर यायला दहा दिवस लागणार होते, आणि मॅनेजरचे फोन तासातासाला येत होते. मी म्हणालो, "मामा, तुमचं काम बसवायचं आहे. ठरवायचं नाही."

त्यांनी चकत्या बसवल्या, प्रत्येक नट मोजून आवळला आणि पाना घेऊन गाडीतच जाऊन बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते साइटवर गेले. दर थांब्याला खाली उतरून त्यांनी नट तपासले. चाळीसच्या वर ऊन होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत चढत असताना मी त्यांना खाली बोलावलं. एका क्रेनचा टायर बदलायचा होता. "आज गाडी जाऊ दे तुमच्याशिवाय," मी म्हणालो.

दुपारी फोन आला. डावीकडचे बोल्ट तुटून दोन्ही चाकं निघून गेली होती आणि गाडी रस्त्याच्या कडेला कलंडली होती. ड्रायव्हर गुलजार, आझमगडचा शांत माणूस, त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. बरोबरचे दोन वेल्डर खरचटण्यावर निभावले.

रिपोर्ट मला लिहायचा होता. मामा माझ्या ऑफिसात आले आणि पहिल्यांदाच खुर्ची दिसत असूनही उभे राहिले. "माझं नाव लिहा," ते म्हणाले. "नट नीट आवळले नव्हते, असं लिहा."

"तुम्ही आवळले होते, मामा."

"मी तसाही जाणारच आहे. इकामा संपत आलाय, हा राहायचा परवाना आता वाढवणार नाय, पाठ धरते. तुमची मुलगी इथे शाळेत आहे. लिहा."

मी त्यांचं नाव लिहिलं नाही. माझंही लिहिलं नाही. 'नेमकं कारण सांगता येत नाही,' असं लिहून सही केली, आणि आपण कुणाचंच वाईट केलं नाही, असं समजून घरी जाऊन जेवलो.

पंधरा दिवसांनी निर्णय आला. ड्रायव्हरने वेग जास्त ठेवला, असं वरच्यांनी ठरवलं. गुलजारला यापुढे कंपनीची गाडी मिळणार नव्हती. हात गळ्यात बांधलेला तो माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "साब, मैंने गाडी भगाई नहीं थी."

संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. मामा माझ्याकडे न बघता पंक्चरचा तुकडा घासत होते. घासता घासताच म्हणाले, "म्हणून सांगत होतो, माझं नाव लिहा. तुम्ही जागा रिकामी सोडलीत. रिकाम्या जागेत नेहमी खालच्याचं नाव जातं."

मी तिथेच रिमवर बसून राहिलो. ते रागावले असते, तर बरं झालं असतं. ते फक्त थकलेले होते, आणि त्यात माझी भर पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी नवा रिपोर्ट लिहिला. चकती हबवर बसत नव्हती, टायरवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, तिसऱ्या दिवशी मीच त्याला गाडीतून उतरवलं. मॅनेजर तो वाचून म्हणाला, "हे गरजेचं होतं का?" मी हो म्हणालो. माझ्याकडून वाहनांचं काम काढून घेतलं आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधीच का नाही लिहिलंस?"

गुलजारला हाड जुळल्यावर किल्ली परत मिळाली. मामांना मी हे सांगायला गेलो, तर त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी चहाचा ग्लास पुढे केला. "बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि जास्त भार सोसणारे अरुंद टायर अखेर आले होते, ते मला एकेक करून दाखवू लागले. वाहनं आता माझ्याकडे नाहीत, याची त्यांना आठवण होती. तरीही त्यांनी सगळे दाखवले.

दोन महिन्यांनी त्यांनी इकामा वाढवला नाही. दम्मामच्या विमानतळावर सोडायला मी रजा काढून गेलो. गाडी चालवायचं काम गुलजारने कंपनीकडे स्वतःहून मागून घेतलं होतं. मामा मागच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि जुबैल यायच्या आधीच झोपले. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. गाडीत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. गुलजारने आरशात बघितलं आणि वेग कमी केला. मागचे ट्रेलर हॉर्न देत पुढे गेले.

विमानतळावर वेळेच्या बरेच आधी पोचलो. त्यांना उठवायचं कुणी, यावरून आमच्या नुसत्या खुणा चालल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तसेच, गाडी चालू ठेवून बसलो. मग गुलजारने इंजिन बंद केलं. त्या शांततेने मामा जागे झाले.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा," मी म्हणालो. "पोचलो."

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले.