राजाचा टोप आणि कानाचं यंत्र

आमच्या पेडण्याकडच्या गावात जत्रेचं नाटक पाठ करून येणाऱ्या नटाकडे लोक संशयाने बघतात. विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असताना पाठांतर करायचं म्हणजे जेवायला बोलावलेल्याने घरून डबा नेण्यासारखं. प्रॉम्प्टरने कुजबुजायचं, आपण गर्जायचं. या रीतीवर मी तीस वर्षं राजा झालो. माझ्या आरोळीने केरीच्या खाडीतल्या होड्या किनाऱ्याला लागल्याचं मी स्वतः सांगितलेलं आहे.

मग कान गेले. गेल्या जत्रेला दरबारात मी इतका वेळ गप्प उभा राहिलो, की लोकांना तो राजाचा शोक वाटला. बाया रडल्या, चहावाल्याचं दूध उतू गेलं. पण प्रॉम्प्टर म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त मास्तर. ते कसले फसतात! तालमीपर्यंत कानाचं बघ, नाहीतर राजा सरपंचाच्या जावयाला देतो, असं त्यांनी बजावलं. कुजबुजत नव्हे, त्यामुळे ऐकू आलं.

म्हापशाला कान तपासणारी मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिने मला काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. नापास होण्याची मला लहानपणापासून धास्ती. मी तिच्या भुवया बघून सटासट दाबत सुटलो.

“काका,” ती दार उघडून म्हणाली, “मी अजून आवाज सोडलाच नाही.”

मग खरी परीक्षा झाली, आणि मग टेबलावर यंत्रांचं दुकान. एक कानाच्या भोकात गडप होणारं, काजूच्या बोंडावर बसलेल्या माशीएवढं. एक कानामागे अडकवायचं. एक खिशात ठेवून वायर वर आणायची. ती समजावत होती आणि मी दिसेल त्या यंत्राला मान डोलावत होतो. घरी बायको म्हणाली, “अहो, मी हाक मारलेली ऐकू येईल असं काहीही घ्या.” त्या हिशेबाने तर एकही घ्यायला नको होतं. तीन रात्री मला स्वप्नात नुसते कान दिसले.

पुढच्या खेपेला मुलीने विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त कुठे ऐकू यायला हवं? मी खरं सांगून टाकलं: विंगेतलं, पाच हातांवरचं, कुजबुजलेलं. तर त्या माणसालाच घेऊन या, म्हणाली.

मास्तर वही घेऊन आले आणि तिच्या कपाटाआड बसले. मी टेबलासमोर राजा. बाकीचे पेशंट आपापले कान विसरून दारात जमले.

आधी माशी घातली. पंखा धडधडला, माझाच आवाज डोक्यात घुमला, पण मास्तर नाहीत. मुलगी म्हणाली, तुमचा कान बराच गेलाय, एवढ्याशा यंत्राचा जोर पुरायचा नाही. वायरवालं मी हातातही घेतलं नाही. छातीवरून वायर सोडलेला राजा कुठल्या दरबारात असतो? मग कानामागचं लावलं, आणि कपाटाआडून स्वच्छ ऐकू आलं: “प्रधानजी, सैन्य सज्ज करा. बोल रे मेल्या, तोंडात पावाचा उंडो कोंबलाय?”

मी विचारलं, “मास्तर, या शिव्या कधीपासून?”

“पयल्यापासून. आणि तू त्या कितीदा लोकांसमोर बोलून टाकल्यास. त्यांना वाटायचं, राजा तापलाय.”

काम झालं असं वाटून मी पिशवीतून राजाचा लांब केसांचा टोप काढला आणि चढवला. त्याबरोबर यंत्राने अशी शीळ घातली, की रस्त्यावरची कुत्री उत्तर देऊ लागली. मुलगी म्हणाली, यंत्र झाकलं गेलं की ते असं ओरडतं. म्हणजे टोपाखाली जातं ते ऐकवत नाही, आणि ऐकवतं ते टोपाखाली जात नाही. घरी येऊन मी टोप घालून बघितला, काढून बघितला, एका कानावर तिरका घालून बघितला. बायकोने आरसाच उचलून नेला.

शेवटी कानामागचं घेतलं आणि तालमीला जाऊन मास्तरांना म्हटलं, “राजा जावयाला द्या. मला राजगुरू द्या. त्याला टक्कल चालतं.”

मास्तरांनी वही चाळली. “राजगुरूला तीनच वाक्यं आहेत रे.”

“असू देत. तिन्ही ऐकू येतील.”

जत्रेला जावई टोप घालून सिंहासनावर आणि मी शेजारी, बोडक्या डोक्याने. दरबार भरला. मास्तर विंगेतून कुजबुजले. आता जावयाच्या कानांवर टोपाचे केस, बाजूला हार्मोनियम. त्याला काही उमगेना. माझ्या कानात मात्र शब्द न् शब्द येऊन पडला. मी काय करणार? बोलून टाकला. पुढचाही बोललो. त्या जत्रेला राजाची सगळी वाक्यं राजगुरूच म्हणाला आणि राजा माझ्याकडे बघून मान डोलावत बसला.

राज्य नेमकं कोणाचं, यावर देवळाच्या पायऱ्यांवर अजून वाद चालू आहे. मला विचारलं की मी यंत्र बंद करतो.