काकूंनी सारवलेली जपानी टोपली

सोलापुरात उत्तर कसब्यातल्या एका बोळात गोदावरीकाकू राहायच्या. त्या बोळाला नगरपालिकेनं दिलेलं एक नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळे 'काकूंचा बोळ' म्हणत. काकूंनी देऊळ बांधलं नव्हतं की पाणपोई घातली नव्हती. त्या टोपल्या सारवीत.

आता टोपल्या सगळ्याच बायका सारवीत. तिप्पण्णा बुरडाकडून आणलेली नवी टोपली तशीच वापरायची म्हणजे मुलाला अंगडं न घालता बारशाला मांडीवर घ्यायचं. फटींतून पीठ गळतं, मुंग्या आत शिरतात, येणारी-जाणारी नाक मुरडते. पण इतर बायकांचं सारवण वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरी आणि काकूंचं सारवण टोपलीपेक्षा जास्त जगे. आतला बांबू किडून भुगा झाला तरी सारवण टोपलीचा आकार धरून उभं असे. कर्ता पुरुष जावा आणि त्याचा दरारा घरात राहावा, तसं.

धान्याच्या कणगीला शेण, हे खरं. पण पिठामिठाच्या टोपल्यांना काकूंचा खास लगदा लागे. रद्दी कागद भिजवून उखळात कुटायचा, मेथी भिजवून पाट्यावर लोण्यासारखी वाटायची आणि पेठेतल्या तेलुगू विणकरांकडून, ते सुताला लावतात ती चिंचोक्याची खळ आणायची. कशात काय किती, असं कुणी विचारलं तर काकू म्हणत, "हाताला कळतं." म्हणजे ज्यांच्या हाताला कळत नाही त्यांनी मुकाट्यानं टोपली काकूंकडे पोचती करावी.

खरी गोष्ट अशी की काकूंना भोक बघवत नसे. भिंतीतली भेग, दाराची फट, उंदराचं बीळ, काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. त्यांचे यजमान एकनाथपंत रविवारी दुपारी तोंड उघडं टाकून झोपत, तेव्हा काकू जाता-जाता त्यांची हनुवटी वर करून तोंड मिटवीत आणि पुढच्या कामाला लागत.

हे एकनाथपंत महादेवप्पांच्या कापसाच्या अडतीवर कारकून होते. अडतीत इंग्रजी येणारे तेवढे एकच. लिहिण्यात ते पक्के. बोलताना मात्र व्याकरण इतकं सांभाळत की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघू लागलेला असे. एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या थंडीत कापूस बघायला एक जपानी साहेब सोलापुरात उतरला, त्याची उस्तवार साहजिकच पंतांच्या गळ्यात पडली.

साहेबाचं नाव हिरानो. बुटका, नीटस, बोलायला कमी. त्याचंही इंग्रजी पंतांसारखंच सावकाश चालणारं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. साहेबाच्या हातात नेहमी एक टोपली असे. तपकिरी, चौकोनी, कडीची, डोंगरातल्या रानद्राक्षाच्या वेलीची साल काढून विणलेली. तीत त्याचा डबा, रुमाल आणि कापसाचे नमुने. सोलापूर बघून झाल्यावर विजापूरकडच्या बाजारांत जायचं ठरलं. होटगीला गाडी बदलायची, पुढं बैलगाडीनं सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापर्यंत धक्के खायचे. आधल्याच दिवशी कापसाचं बोचकं टोपलीवर पडता-पडता राहिलं होतं, म्हणून साहेबानं ती पंतांकडे ठेवायला दिली.

बोळाच्या तोंडाशी आलेल्या काकूंच्या हातात टोपली देत पंत टांग्यातूनच ओरडले, "अगं, ही टोपली ठेव! साहेबाच्या आईनं विणलीय. परत आल्यावर द्यायचीय, जपून हं!" आणि टांगा स्टेशनकडे गेला.

काकूंनी टोपली उजेडात धरली. पलीकडचं तुळशीवृंदावन त्यांना आरपार दिसलं.

"अगंबाई," त्या दूध घालायला आलेल्या केराबाईला म्हणाल्या, "ही बघ. विलायतेपलीकडची टोपली. नुसती जाळी!"

केराबाईनं तीत बोट घालून दुसरीकडून काढलं. "ह्यात काय ठिवत्यात काकू? वारं?"

"इतकी सुबक वीण, आणि सारवलीच नाही."

"इसरली आसंल की म्हातारी."

"विसरेल कशी? आई ना ती?" काकूंनी टोपलीच्या काठावरून हात फिरवला. वीण एकसारखी होती, कुठं सैल नाही, कुठं टोक वर आलेलं नाही. असं काम करणारी बाई शेवट अर्धवट सोडणार नाही. मग त्यांना एकदम उलगडा झाला आणि डोळ्यांत पाणीच आलं. "आजारी पडली असेल गं बिचारी. विणून झाली आणि सारवायचं राहून गेलं. लेक तशीच घेऊन फिरतोय. पुरुषाला काय कळतंय!"

"व्हय की," केराबाई म्हणाली. तिच्याही डोळ्यांना पदर गेला. "मेथी भिजवू का?"

अशा रीतीनं सोलापुरातल्या दोन बायकांनी जपानातल्या एका बाईचं राहिलेलं काम पुरं करायला घेतलं. आतून एक हात, बाहेरून एक हात. वाळल्यावर पुन्हा एकेक. मग गेरूचा रंग, त्यावर चुन्याचे ठिपके, आणि कडीला, पाहुण्याची म्हणून, एक वेलबुट्टी. टोपली फडताळावर ठेवली तेव्हा बोळातल्या सगळ्या बायका बघून गेल्या. काकूंनी नखानं टिचकी मारून दाखवली. मडक्यासारखा आवाज आला.

पंत एकटेच परत आले. साहेबाला विजापुरात सौद्यासाठी आठवडाभर थांबावं लागणार होतं. पाय धुऊन आत येताच पंतांची नजर फडताळाकडे गेली.

"हे काय?"

"ओळखली का?" काकू खुशीत म्हणाल्या.

पंतांनी ओळखली. ते पाटावर बसले, पाट तिथं नव्हता तरी.

"अगं, काय केलंस हे!"

"सारवली. दोन-दोन हात दिलेत. आता पाणी भरलंत तरी गळायची नाही."

"ती गळण्यासाठीच होती!" पंत जमिनीवरूनच म्हणाले. त्यांना आयुष्यात प्रथमच व्याकरणाचा विसर पडला होता. "म्हणजे तशीच असते ती! मोकळी! त्यांच्याकडं थंडीत घरावर बर्फ पडतं, शेत बंद, मग घरात बसून वेली विणतात. टोपली हातानं हाताळून-हाताळून चकाकते. साहेब गाडीत सारखा तिच्याबद्दलच सांगत होता. दर वर्षी जास्त काळी, जास्त तुकतुकीत होते म्हणे. त्याची आई गेल्या वर्षी वारली. तिच्या हातचं म्हणून तेवढंच एक उरलंय त्याच्यापाशी!"

चुलीवर आमटी होती, ती उतू गेली, तरी काकू उठल्या नाहीत.

पंत पुढं महादेवप्पा काय म्हणतील, सौदा मोडेल, नोकरी जाईल, असं बरंच बोलले. काकूंच्या कानांपर्यंत त्यातलं काहीच गेलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की एका मेलेल्या बाईच्या हातचं काम आपण आपल्या हातानं बुजवलं आणि वर ठिपके काढले. साहेब यायच्या आत ते काम जसंच्या तसं बाहेर यायला हवं होतं. साऱ्या जन्मात त्यांनी फटी बुजवल्या होत्या. उकरली एकही नव्हती.

आणि मग कळलं की काकूंचं सारवण खरोखरच उत्तम होतं. पाणी शिंपडलं, ते ओघळून गेलं. ओलं फडकं ठेवलं, फडकं वाळलं. केराबाईनं सल्ला दिला, "बडवा की जरा."

"तुला बडवीन," काकू म्हणाल्या.

शेवटी त्यांनी पंतांचं जरीकाठी धोतर भिजवून टोपलीला गुंडाळलं आणि सुजलेल्या पायाला शेक द्यावा तसं दिवसभर ओलं ठेवलं. पंत बघत होते. धोतर लग्नातलं होतं. दुसऱ्या दिवशी लगदा जरा मऊ पडला. मग बाभळीचा काटा घेऊन काकू ओसरीवर बसल्या आणि एकेक फट मोकळी करू लागल्या.

हे काम करताना माणसाला विणीच्या वाटेनंच जावं लागतं. इथं पट्टी वरून जाते, इथं खालून, इथं वेल संपली म्हणून दुसरी तिच्या पोटात सरकवलीय. मागच्या बाजूला, तळाजवळ, एका ठिकाणी पट्टी वरून जायची ती दोनदा खालून गेली होती. पुढच्या ओळीत त्या बाईच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिथं एक आडवी पट्टी घालून चूक झाकली होती. काकू काटा थांबवून बघत राहिल्या.

"काय झालं वो?" केराबाईनं विचारलं.

"चुकलीय. आणि कुणाला दिसणार नाही अशी लपवलीय." पंत परतल्यापासून काकूंना प्रथमच हसू आलं. "मीही परवा लोणच्याच्या बरणीचा टवका भिंतीकडं फिरवून ठेवला. गुणाची आहे गं ही."

त्यानंतर काकू टोपलीशी बोलू लागल्या. "इथं तुझा अंगठा दुखला असणार," किंवा "ही वेल जरा निबर घेतलीस," असं काहीबाही. पंतांना काळजी वाटली, पण वैद्याला बोलवावं इतकी नाही.

लगदा निघाला. मात्र टोपलीची तकाकी गेली होती. भिजून-भिजून ती धुळीच्या रंगाची झाली होती आणि फटींत गेरू बसला होता. काकूंनी खोबरेल काढलं, तर पंत धावले. "तेल नाही! साहेब म्हणाला, नुसता हात."

मग नुसता हात. काकू टोपली मांडीवर घेऊन तळव्यानं घासू लागल्या. हात भरून आले की केराबाई. संध्याकाळी बोळातल्या बायका गप्पांना आल्या, त्यांनाही लावलं. मंगळवारी हळदीकुंकू होतं. कुंकू लावून घेण्याआधी प्रत्येकीनं टोपलीवर हात फिरवायचा असा नियम झाला. जपानात जी चकाकी यायला दहा हिवाळे लागत, ती उत्तर कसब्यानं आठवड्यात आणायची ठरवली होती. तेवढी काही आली नाही. पण निस्तेजपणा गेला, काठ थोडे तुकतुकले. फक्त तळाच्या आतल्या कोपऱ्यात रुपयाएवढा लगदा राहून गेला. तिथं काटा पोचत नव्हता.

साहेब आला तो महादेवप्पांसकट. महादेवप्पा म्हणजे मोठं प्रस्थ; बोळात त्यांचा टांगा शिरेना, म्हणून तेच उतरून घाम पुशीत आले. "लवकर हं एकनाथराव! साहेबाला मुंबईची गाडी गाठायचीय."

पंतांनी आत येऊन कुजबुजत सांगितलं, "तू काही बोलू नकोस. त्याला कळायचं नाही."

साहेबानं टोपली घेतली. उलटसुलट केली. मग नाकाशी धरली. मेथी काही लपणारी चीज नव्हे.

"अहो, सांगा त्यांना," काकू दाराआडून म्हणाल्या.

"काय सांगू?"

"सगळं. राहून गेलंय असं वाटलं म्हणून मी सारवली. त्यांच्या आईचं काम मी झाकलं. मग काट्यानं काढलं, पण कोपऱ्यात थोडं राहिलंय. मला माफ करा म्हणावं. आणि त्यांच्या आईचा हात फार चांगला होता, हेही सांगा."

पंत घसा साफ करून दोन शब्द बोलले.

"एवढंच?" काकू बाहेरच आल्या. "मी इतकं बोलले आणि तुम्ही त्याचं एवढंसं केलंत? नीट सांगा!"

"अय्यो, अक्का, गाडी जाते!" महादेवप्पा म्हणाले.

पंतांना मग सगळं सांगावं लागलं, व्याकरणासकट. साहेब ऐकता-ऐकता टोपलीच्या तळाकडे बघत होता. काकू त्याच्या चेहऱ्याकडे. मग तो हळूहळू बोलू लागला आणि पंत आश्चर्यानं मराठी करू लागले.

"ते म्हणतात... त्यांची आईपण टोपल्यांना कागद चिकटवायची. बांबूच्या. जुन्या झाल्या, फाटल्या की. वरून कसल्याशा कच्च्या फळाचा रस लावायची."

"बघ!" काकू मागं उभ्या असलेल्या केराबाईकडे वळून म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"पण ही टोपली रानातून अळंबी आणण्यासाठीची. माती गळावी, वारा लागावा, म्हणून उघडी."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" काकू म्हणाल्या. त्याचं भाषांतर पंतांनी केलं नाही.

साहेबानं काकूंची सारवलेली पिठाची टोपली बघायला मागितली. टिचकी मारली, मान हलवली, पुन्हा मारली. मग कोपऱ्यातल्या लगद्याकडे बोट दाखवून म्हणाला की तेवढं राहू द्या, आठवण म्हणून.

महादेवप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वाट मोकळी केली. पण काकूंनी टोपली साहेबाच्या हातातून काढून घेतली.

"आठवण तुमच्या आईची ना? मग माझं काय काम तिथं?"

आणि काटा घेऊन त्या ओसरीवर बसल्या. महादेवप्पा घड्याळ काढून कन्नडात देवाचा धावा करू लागले. पंत एकदा काकूंकडे, एकदा मालकाकडे बघत घामाघूम झाले. साहेब मात्र बूट काढून काकूंच्या समोर मांडी घालून बसला आणि टोपली तिरपी धरून उजेड दाखवू लागला. मागच्या बाजूची ती लपवलेली चूक काकूंनी त्याला बोटानं दाखवली. त्यानं ती कधी बघितली नव्हती. तो तिच्यावर बोट ठेवून तसाच बसून राहिला.

लगदा निघाला तेव्हा गाडी गेली होती. साहेब दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. महादेवप्पांचा सौदा झाला आणि पंतांची नोकरी त्यांना सेवानिवृत्तीपर्यंत पुरली.

काकू पुढंही बोळातल्या टोपल्या सारवीत राहिल्या. फरक एवढाच, की कुणी टोपली आणली की आधी विचारीत, "हिच्यात काय ठेवणार?" तिप्पण्णाकडून आणलेली एक लहान टोपली त्यांनी मुद्दाम न सारवता मिरच्यांसाठी खुंटीला टांगली. नव्या सुना विचारीत, "काकू, ही राहिली वाटतं?" काकू येता-जाता तिच्यावरून तळहात फिरवीत आणि चकाकी आली का, ते उजेडात धरून बघत. आपल्याकडचा बुरडाचा बांबू तसा चकाकत नाही. पण हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.