खुर्च्यांची पायताणं

रोज सकाळी दूध तापायला ठेवलं की चतुराबाई जेवणाच्या टेबलाखाली शिरायच्या आणि खुर्च्यांचे पाय मोजायच्या. सहा खुर्च्या, चोवीस पाय. एकेक पाय बोटभर उचलायचा, तळाशी अंगठा फिरवायचा, खाली चिकटवलेली फेल्टची, दाबलेल्या लोकरीची चकती जागेवर आहे ना बघायचं आणि आवाज न करता पाय टेकवायचा. राणीसावरगावच्या माळावर त्यांनी पंचवीस वर्षं मेंढरं मोजली होती. एखादी चकती गळालेली सापडली की त्या पुन्हा पहिल्या पायापासून मोजायच्या, संध्याकाळी एक कोकरू कमी भरल्यासारख्या.

खुर्च्या डेन्मार्कच्या होत्या. साठ वर्षांपूर्वीच्या, सागवानी, पाय खाली शेळीच्या पायासारखे निमुळते झालेले. चतुराबाई गंगाखेडच्या ज्या बंगल्यात कामाला होत्या, तिथं या खुर्च्या योगीराजसाहेबांबरोबर आल्या. साहेबांनी बारा वर्षं तिकडे पवनचक्क्यांच्या कंपनीत काढली होती. आई सत्यशीलाबाई, एकेकाळच्या मुख्याध्यापिका, गुडघ्यांनी अडून बसल्या तेव्हा ते परतले. खुर्च्यांना शोभावी म्हणून जेवणघरात त्यांनी लाकडी फरशी घातली.

"मावशी, खुर्ची ओढायची नाही, उचलायची," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "चकती निघाली की पायाला खडा अडकतो आणि फरशीवर ओरखडा उठतो." एवढंच, आणि तेही हळू.

त्या हळू बोलण्याचीच चतुराबाईंना धास्ती होती. ओरडणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. पिकात मेंढरं शिरली म्हणून आईबहीण काढणारा मालक संध्याकाळी भाकरीही द्यायचा. पण लांडगा ओरडून येत नाही. बागकाम करणाऱ्या बन्सीधरनं एकदा नळ चालू ठेवला आणि पाणी नव्या फरशीपर्यंत आलं. "उद्यापासून येऊ नका," साहेब इतक्या गोडीनं म्हणाले की बन्सीधर मान डोलवत फाटकाबाहेर गेला. काय झालं ते त्याला रस्त्यावर कळलं.

चतुराबाईंना काढलं असतं तर त्या एकट्या गेल्या नसत्या. बंगल्यामागच्या खोलीत त्यांची नात अपेक्षा राहायची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. राणीसावरगावात तिच्या बापानं, भागवतनं, स्थळ बघूनच ठेवलं होतं. "खोली हाय तवर शिक," तो म्हणाला होता. म्हणजे खोली गेली की शिक्षण गेलं. पोरीचा शेवटचा पेपर मे महिन्यात होता.

एप्रिलचं ऊन चढलं आणि चकत्यांचा गोंद पाघळला. रोज दोन-तीन गळायला लागल्या. साहेब आठवडाभरासाठी पुण्याला निघाले होते. "नव्या आणतो, तोवर खुर्च्यांना हात लावू नका," असं सांगून गेले. पण चतुराबाईंना धीर कुठला? त्यांनी ट्रंकेतून कोरी घोंगडी काढली. नवऱ्याच्या शेवटच्या मेंढरांच्या लोकरीची, कधी अंगावर न घेतलेली. तिची कड कापून त्यांनी चोवीस पायताणं शिवली आणि पायांना घालून दोऱ्यानं आवळली.

अपेक्षा हसली. "आज्जी, मेंढरांना कधी घातली न्हाईस, अन् खुर्च्यांना पायताणं?"

"मेंढरं पालीशवर चालत न्हवती, माय."

कोरी घोंगडी चिंचोक्याच्या खळीत भिजवून कडक केलेली असते, पावसाचं पाणी वरच्यावर निथळावं म्हणून. धनगराच्या घरात खळ हा घोंगडीचा गुण. ती धुवून काढावी असं कोणाच्या मनातही येत नाही. चतुराबाई फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. खळ भिजली, पाघळली आणि वाळताना लाकडाला धरून बसली. पायताणं घट्ट बसल्यापासून रोज पाय उचलून बघायचं त्यांनी सोडलं होतं; पाचव्या दिवशी त्यांनी पाय उचलला तर टर्रकन आवाज झाला. पॉलिशचा पापुद्रा पायताणाबरोबर वर आला आणि खाली रुपयाएवढा पांढरा डाग दिसला. दुसऱ्या पायाखाली तसाच, तिसऱ्याही. सात पाय उचलल्यावर पुढचा उचलायची हिंमत त्यांना झाली नाही. त्यांनी ते सातही पाय नेमके आपापल्या डागावर परत टेकवले.

मग त्या जेवणघराची राखण करायला लागल्या. सत्यशीलाबाई काठी टेकत आल्या. "आज इथं बसून जेवते गं."

"नका बाई, पंखा लय जोरात हाय. सर्दी व्हईल."

"एप्रिलात सर्दी? तुला ऊन लागलंय का?"

बाई हसत माघारी गेल्या. चतुराबाई मात्र उशिरापर्यंत जेवणघराच्या दारातच बसून राहिल्या. अपेक्षानं ते पाहिलं आणि टेबलाखाली वाकून, खुर्चीचा पाय उचलून डागही पाहिले.

"आज्जी, सांगून टाक की. खाणारेत का तुला?"

"अन् तुला कुठं ठिवू? तुजा पेपर हुईस्तवर तोंड मिटून ऱ्हा."

साहेब रविवारी दुपारी आले. नव्या चकत्यांचं पाकीट हातातच होतं. चपला काढल्या आणि सरळ जेवणघरात येऊन उकिडवे बसले. "मावशी, जरा खुर्ची उचलून धरता?"

चतुराबाईंनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. खुर्ची हलकी होती, रोजची होती. त्यांच्यानं उचलली गेली नाही.

"म्याच केलंय, साहेब," त्या म्हणाल्या, आणि मग थांबताच येईना. "घोंगडी माझी, अक्कल माझी. पोरीला काई ठावं न्हवतं. तिचा पेपर हुईस्तवर ऱ्हाऊ द्या. मग आमी आपलं जाताव, कुणाला सांगायची गरज न्हाई."

साहेबांनी स्वतः खुर्ची कलती केली. पायताण सोडवलं. डागावरून बोट फिरवलं, बराच वेळ. तेवढ्यात फोन वाजला आणि ते बोलत बोलत अंगणात गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दोन दिवसांनी परभणीहून पॉलिशवाला आला आणि काम करून गेला. चतुराबाईंना कोणी काही बोललं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. साहेबांच्या गप्प राहण्याचा त्यांनी एकच अर्थ लावला: पेपरापर्यंत मुभा आहे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या दिवस मोजत राहिल्या. साहेबांची पावलं स्वयंपाकघराकडे वळली की हातातलं काम थांबायचं. जेवण तुटलं, अंगावरची चोळी सैल झाली.

शेवटच्या पेपरच्या दिवशी अपेक्षा परभणीच्या एस.टी.साठी लवकर निघाली. ती गेल्यावर चतुराबाईंनी ट्रंक भरली, वर दोर बांधला आणि भिंतीला टेकून बसल्या. दुपारी सत्यशीलाबाईंनी हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

संध्याकाळी परतलेल्या अपेक्षाला साहेबांनी विचारलं, "ही ट्रंक? मावशी कुठं निघाल्या होत्या?" आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यात राग नव्हता, कधीच नसावा. अपेक्षा ट्रंकेवरच्या दोराची गाठ सोडत राहिली. सकाळी दारात उभं राहून आज्जी तिला एवढंच म्हणाली होती, "मागच्या शिटावर बसू नको, लय आदळतंय. अन् कालवण आधी खा, उन्हानं आंबतंय."