बारानं भागलेले टॉवेल

सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सुटा टॉवेल कुणी तोलत नाही. डझनाची थप्पी काट्यावर ठेवायची, वजन संगणकात टाकायचं. एका नगाचं वजन काढते ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा लेखी प्रश्न. ती थप्पीच्या वजनाला बारानं भागते. लिहिली माझ्या आधीच्या माणसानं, निस्तरते मी.

यंदा परदेशच्या ऑर्डरीत दहा-दहाचे गठ्ठे आले. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यानं क्वेरीत बाराचे दहा केले. त्याच दुपारी ट्रक दारात उभा, आणि क्वेरीनं काढलेल्या हलक्या मालाच्या यादीत अख्खा लॉट. यादीत शेजारीच नगाचं वजन पाचशे ग्रॅम, हवं तेवढंच, तरी नापास.

मालक म्हणाले, "मॅडम, यादीत आलंय म्हणजे कायतरी असणार की. खोकी फोडा, परत तोला."

चेकिंगच्या मावशींनी कात्री उचलली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सकाळी काय आमी काट्यासंगं खेळत हुतो व्हय?"

मी क्वेरी उघडली. तोच भागाकार चार ठिकाणी. दाखवायच्या ओळीत दहा, हलका माल गाळून काढायच्या अटीत अजून बाराच. दहा टॉवेलांचं वजन बारानं भागलं की टॉवेल हलका ठरणारच. वर त्या हिशेबाला नाव दिलेलं होतं, पण अटीत ते चालत नाही. डेटाबेस आधी गाळतो, नाव नंतर ठेवतो. बारशाआधी नावानं हाक मारली तर पोर ओ कसं देणार? म्हणून तोच हिशेब पुन्हा पुन्हा उतरवायचा, आणि बदलताना एक जागा विसरायची.

फोनवर सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "तेवढा बारा बदला, बाकी हात लावू नका. चालू आहे ना?"

नाही ऐकलं. भागाकार आतल्या क्वेरीत एकदाच केला, त्याला नाव दिलं, बाहेर सगळीकडे ते नावच वापरलं. यादी रिकामी झाली. तोवर निम्मी खोकी फुटली होती.

"बांधा आता," मी म्हटलं. "तुमचं वजन बरोबरच होतं."

"ते आमाला ठावंच हुतं," मावशी म्हणाल्या. "चिकटपट्टी द्या."

अंधार पडता पडता ट्रक सुटला. मी मालकांना सांगितलं, बाकीच्या रिपोर्टांतही तोच भागाकार असा जागोजागी उतरवलाय, दोन दिवस द्या.

"ते चालतायत की. कशाला उगा उकरायचं?"

पुढची ऑर्डर आठ-आठच्या गठ्ठ्यांची आहे. चिकटपट्टी मी आत्ताच मागवून ठेवली.