झेडॉकने शस्त्रं खाली ठेववली

अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात १८१२ साली जुंपली, तेव्हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा झेडॉक पेटिंगिल कुठल्याच रणांगणावर गेला नाही. तरी म्हातारपणी तो गुत्त्यात बसून छाती फुगवून सांगे, "मी एका हाकेत वीसजणांना शस्त्रं खाली ठेवायला लावली!" लोक खो खो हसत. पण त्यात खोटं काही नव्हतं.

झेडॉक सुतार. त्याची लेक मर्सी आणि जावई एसा यांचं कुरण संपलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे इंग्रजांचा कॅनडा. मर्सीच्या गाई रोज परदेशात चरून येत. त्या वर्षी झेडॉकने लेकीसाठी गोठ्याच्या भिंतींचे ओक लाकडाचे सांगाडे जमिनीवर जोडून ठेवले होते. ते उभे करायला सगळं गाव लागे, आणि गाव म्हणजे दोन्ही काठांचं. नेमकी तेव्हाच लढाई जाहीर झाली. पलीकडचे शेजारी सक्तीने शिपाई झाले आणि झेडॉकचा बालमित्र एल्काना त्यांचा हवालदार. त्यांच्यातलं कुणीच फिरकलं नाही.

"बाबा, बर्फ पडेल. गाई कुठे बांधू?" मर्सी म्हणाली.

"आहेत तेवढ्या हातांनी उचलू," झेडॉक म्हणाला. हट्टीच मनुष्य!

पहिली भिंत खांद्यापर्यंत आली. मग लोखंडी अणीचे लांब वासे लावून ती वर रेटायला लागले, तर मध्येच अडली. वर जाईना, खाली सोडवेना, आणि बुडाशी खांब धरून एसा उभा. झेडॉकने आपलाही खांदा वाशाला लावला.

तेवढ्यात पलीकडच्या नव्या पहारेकऱ्याला उन्हात चमकणाऱ्या अण्या दिसल्या. 'भाले आले, भाले!' म्हणत त्याने ढोल बडवला. वीस माणसं बंदुका घेऊन ओढा ओलांडून धावत आली. पुढे एल्काना.

"हात वर करा!" तो ओरडला.

"वरच आहेत, गाढवा! दिसत नाही?" झेडॉक किंचाळला. "टाका त्या बंदुका आणि खांदा लावा, नाहीतर जावई चिरडतोय माझा!"

एल्कानाने भिंतीकडे पाहिलं, एसाकडे पाहिलं. "टाका रे!"

बंदुका गवतात पडल्या. "हय्या हो!" म्हणत भिंत उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्याही. मर्सीने घेवड्याचे हंडे उतरवले, रमचा बुधला फिरला.

निघताना एल्कानाने गवतातून बंदूक उचलली. "ओढा ओलांडला की आम्ही परत शत्रू हं."

"बरं. उद्या छपराच्या फळ्या ठोकायच्यात."

"बघू," म्हणून तो गेला. झेडॉकला मात्र जेवण गोड लागेना. उद्या एल्कानावरच बंदूक धरायची वेळ आली तर?

सकाळी कुरणात ठोकाठोक ऐकून तो धावला. एल्काना आणि त्याची माणसं छपरावर चढलेली होती. बंदुका घरी ठेवून, हातोडे घेऊन आली होती.

"उठलास का, शत्रू?" एल्काना वरून ओरडला. "खिळे दे!"